तास कशासाठी राखायचा?

जून उजाडला की वार्षिक नियोजनाच्या वहीत ‘ऑनलाइन’चा एक रकाना हल्ली असतोच. तो भरला जातो, खाली सही होते आणि पुढे त्याचे काय झाले हे कुणी विचारत नाही. पाठाचा कोणता भाग पडद्यावर द्यायचा आणि कोणता समोर बसवून शिकवायचा, हे ठरवण्याची रीत मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. आमचे म्हणणे असे की, हा निर्णय शाळेत उपकरणे किती आहेत यावरून होऊ नये. शिक्षकाच्या समोरासमोर असण्यावाचून काय अडते, यावरून व्हावा. आणि प्रत्येक मुलाचे हे अडणे वेगळे असते, हे धरून व्हावा.

भूगावसारखे गाव डोळ्यांसमोर आणा. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की येणारे हे मुळशीतले गाव. २०१७ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा इथेच भरली आणि अभिजित कटकेने गदा पटकावली. आज तालीम आहे, शेती आहे आणि त्यांच्या अंगाला भिडून उंच इमारतीही आहेत. अशा गावातल्या वर्गात कोण कोण बसू शकते? कुस्तीच्या स्पर्धांसाठी आठवडा-आठवडा गैरहजर राहणारा पोरगा. पिरंगुटच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या कामगाराची मुलगी. घरातला एकुलता फोन वडिलांच्या खिशातून दिवसभर कारखान्यात. बांधकामावरच्या मजुराचा मुलगा. घरी कन्नड बोलणारा, दिवाळीनंतर इथे असेल की नाही याचा नेम नाही. आणि धडा शिकवण्याआधीच क्लासमध्ये उरकून आलेली सोसायटीतली मुलगी.

या चौघांना एकच चित्रफीत एकाच ग्रुपवर टाकली, तर ते मिश्र अध्यापन झाले असे आम्ही मानत नाही. तालमीतल्या पोराला ती चुकलेला पाठ भरून काढायला हवी. पाळीवाल्याच्या मुलीला शाळेच्याच टॅबवर, शाळेच्याच वेळेत वीस मिनिटे हवीत. ‘घरी बघून या’ हे तिच्यापुरते निरर्थक आहे. बालभारती मराठीबरोबर कन्नड, हिंदी, उर्दू माध्यमांची पुस्तकेही काढते आणि ती मोफत उतरवून घेता येतात. मजुराच्या मुलाला तोच पाठ एकदा घरच्या भाषेत वाचू द्यावा. क्लासवालीला पुढचे आव्हान द्यावे, नाहीतर ती वर्गात नुसती बसून राहील.

ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. संस्थापक कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात तिथे बसलेली घडी अशी : विद्यार्थी एकटा वाचेल हे धरूनच पुस्तक लिहायचे आणि अभ्यासकेंद्रावरचे संपर्क सत्र अडलेल्या गोष्टींसाठी ठेवायचे. इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी हा हिशेब मांडलेला होता. पुढे २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची पहिली ते आठवीची ‘टिलीमिली’ मालिका २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. ज्या घरात डेटा परवडत नव्हता, तिथेही टीव्ही असण्याची शक्यता होती. माध्यम निवडताना आधी मुलाचे घर पाहावे लागते, ते असे.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मिश्र पद्धतीने शिकणारे केवळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. पण त्याच अहवालात एक इशारा होता. मिश्र पद्धतीने शिकणाऱ्यांना अभ्यासाला बहुधा जास्त वेळ आणि जादा साहित्यही मिळाले होते, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही. तंत्रज्ञान विकणारे पहिले वाक्य ऐकवतात. शिक्षकाने दुसरेही लक्षात ठेवावे.

एक पाठ जवळून पाहू : कंपासने त्रिकोण काढणे. पडद्यावरची कंपास कधी घसरत नाही. कृतीचा क्रम कळायला ती चित्रफीत उत्तम. न समजलेली पायरी मूल तीनदा मागे नेऊन पाहते, तेही कुणाला न विचारता. बुजरी मुले इथे खुलतात. पण वहीवर टोक सरकते, पेन्सिल ढिली पडते, कंस छेदतच नाहीत. मूल कंपास डोक्याला न धरता पायाला धरते आहे, हे त्याच्या बाकाशेजारी उभा असलेला शिक्षकच पाहतो. मग क्रम दाखवण्यात तास का घालवायचा? तो हात पाहण्यासाठी राखावा. भाषेच्या तासालाही हेच लागू आहे : कवितेचे ध्वनिमुद्रण घरी ऐकता येते, तिच्यावरचा वाद वर्गातच रंगतो.

यात शिक्षकाचाही वेळ जातो, हे प्रशासनाने मान्य करायला हवे. रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर वाकड्या, अंधुक फोटोंतून वह्या यायला लागतात. ते बोटांनी मोठे करून वाचायचे आणि अंगठा दाखवून मोकळे व्हायचे. त्याला तपासणी म्हणता येत नाही. दोन तास ऑनलाइन कामाचे असतील, तर ते वेळापत्रकात दिसावेत. नाहीतर मिश्र पद्धत म्हणजे त्याच पगारात दुसरी शाळा चालवणे ठरेल.

आमची सूचना साधी आहे. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत प्रत्येकाने आपल्या विषयाचा एकच पाठ घेऊन यावा. कागदावर दोन रकाने करावेत : ‘एकट्याने जमेल’ आणि ‘सोबत लागेल’. मग वर्गातल्या ज्या चार मुलांची परिस्थिती सर्वांत भिन्न आहे, त्यांच्यासाठी तोच पाठ पुन्हा विभागावा. चारही वेळा विभागणी सारखीच आली, तर आपण अजून मुलांपर्यंत पोहोचलेलो नाही. ती वेगळी आली, तर कोणती उपकरणे मागायची आणि कोणती नाकारायची, हे ठरवण्याचा अधिकार शिक्षकाने ठामपणे सांगावा. असे विभागलेले पाठ आमच्याकडे पाठवा, फसलेलेही चालतील. पुढच्या अंकांत ते छापायची आमची तयारी आहे.