झूमच्या आकड्यांची भूल

कॅमेरा घ्यायचा ठरला की आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "झूम किती?" दुकानदारही चतुर. तोही खोक्यावरचा आकडाच पुढे करतो. साठपट, पासष्टपट, त्र्याऐंशीपट! जणू पहिलवानाच्या छातीचे मापच. माझे मत असे की, बेताच्या पैशांत लांब पल्ल्याचा कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची फसगत होते ती नेमकी या आकड्यापाशी.

हा आकडा म्हणजे तरी काय? भिंगाच्या सर्वांत लांब नाभीय अंतराला सर्वांत आखूड अंतराने भागले की तो येतो. पॅनासॉनिकच्या एफझेड-८२ चे भिंग, जुन्या ३५ मि. मी. फिल्मच्या हिशेबाने, २० पासून १२०० मि. मी. पर्यंत जाते, म्हणून तो साठपट. त्याची सुरुवात २४ वर असती, तर पल्ला तोच राहून आकडा मात्र पन्नासावर आला असता. तेव्हा हे केवळ गुणोत्तर आहे. पल्ला नव्हे आणि चित्राचा दर्जा तर नव्हेच नव्हे. डिजिटल झूम तर हिशेबातही धरू नये. चित्राचा मधला तुकडा कापून तो फुगवून दाखवणे, यापलीकडे त्यात काही नाही.

आता या पल्ल्याची किंमत पाहा. एवढे लांब भिंग हातात मावावे म्हणून आतील सेन्सर अगदी लहान ठेवावा लागतो : सुमारे सहा बाय साडेचार मि. मी., म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. शिवाय भिंग लांबवत नेले की प्रकाश आटतो. २०१५ साली आलेल्या निकॉन पी-९०० मध्ये २४ मि. मी. ला एफ २.८ असलेले छिद्र २००० मि. मी. ला एफ ६.५ होते, म्हणजे प्रकाश पाचव्या हिश्शाहूनही कमी. २०१८ च्या पी-१००० मध्ये ३००० मि. मी. ला तो आठव्या हिश्शावर येतो आणि वजन १४०० ग्रॅमवर जाते. मग कॅमेरा संवेदनक्षमता वाढवतो व चित्रात दाणे उमटतात. नाहीतर शटर संथ करतो व चित्र हलते. कंपनरोधक यंत्रणा आपला हात सावरते हे खरे, पण मान वळवणाऱ्या बगळ्याला ती कशी सावरणार?

आपल्याला हवे तरी काय असते? इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेरूळच्या कैलास लेण्यातील उंचावरची शिल्पे टिपायची असतात. तीस मीटर अंतरावरून ४०० मि. मी. च्या भिंगात सुमारे पावणेतीन मीटर रुंदीचा भाग मावतो. माणसाएवढ्या मूर्तीला तेवढे पुष्कळ झाले! तेथे उणीव भासते ती प्रकाशाची. आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाई लावायची तर वेगळी परवानगी लागते. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्याला लांब पल्ला हवा हे मान्य. परंतु भर दुपारी पाण्यावरची हवा थरथरू लागली की २००० मि. मी. मधून ती थरथरच मोठी होऊन दिसते. त्यावर उपाय एकच : पहाटे उठणे.

म्हणून माझी शिफारस अशी. एक इंची म्हणविल्या जाणाऱ्या सेन्सरचा कॅमेरा, वापरलेला का होईना, आधी शोधावा. २०१४ चा पॅनासॉनिक एफझेड-१००० घ्या. झूम अवघा सोळापट, २५ ते ४०० मि. मी.; पण लांब टोकालाही छिद्र एफ ४, आणि सेन्सरचे क्षेत्रफळ त्या नखाएवढ्या सेन्सरच्या चौपट. त्याच्या दोन कोटी बिंदूंच्या चित्राचा मधला चतुर्थांश कापला की ८०० मि. मी. चे दृश्य मिळते. उरलेले पन्नास लाख बिंदू सहा बाय नऊ इंचांच्या छापील पानाला पुरतात. ज्याला केवळ लख्ख उन्हातले पक्षीच टिपायचे आहेत, त्याने साठपटीचा कॅमेरा खुशाल घ्यावा. मात्र डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असल्याखेरीज घेऊ नये. उन्हात मागचा पडदा दिसत नाही, आणि कॅमेरा कपाळाला टेकला की हातही स्थिर राहतो.

"हेही परवडत नाही," असे अनेकजण म्हणतील, आणि ते खोटे नाही. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी प्रत्येकाने घरच्यांच्या खिशाला कात्री का लावावी? ग्रंथालयातून आपण पुस्तक नेतो व परत करतो. तसाच एक चांगला कॅमेरा महाविद्यालयाने घेऊन सहलींना व प्रकल्पांना नोंदवहीत सही करून द्यावा. इतिहास आणि भूगोल या दोन विभागांनी मिळून मनावर घेतले तर हे मुळीच अवघड नाही. त्या दिवशी "झूम किती?" हा प्रश्न मागे पडेल आणि "टिपायचे काय?" हा खरा प्रश्न पुढे येईल.