नागवंशाचा अभिमान आणि सर्पमित्राचा जीव

श्रावण आला की इचलकरंजीत आमच्या पोरांच्या मोबाईलवर दोन तऱ्हेचे संदेश फिरू लागतात. एकात नागोबाला दूध पाजण्याचे पुण्य. दुसऱ्यात, ‘नागपंचमी हा मूळचा आपल्या नागवंशीयांचा सण, भटांनी पळवला.’ पहिल्याला आम्ही केव्हाच सोडचिठ्ठी दिली आहे. साप दूध पीत नाही हे आता शाळकरी पोरही सांगते. बोलायचे आहे ते दुसऱ्याबद्दल.

15 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले ते सांगितले. नाग लोकांनी बुद्धाचा धम्म देशभर नेला, त्यांची ही भूमी, म्हणून. नाग लोक म्हणजे माणसे, आर्यांशी झुंजलेली. वारुळातल्या सापाला आजोबा करावे, असे त्यात कुठे आहे? मग पंचमीला जिवंत नाग गळ्यात घालून ‘नागवंशी’ म्हणून फोटो टाकणारा आमचा कार्यकर्ता नेमका कुणाचा वारसा चालवतो?

शेजारच्या सांगली जिल्ह्यातले बत्तीस शिराळा पाहा. तिथे पंचमीला नाग पकडून मिरवणूक काढायचे, खेळ करायचे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने हे खेळ थांबायला 2014 उजाडले. पुढे 2025 मध्ये केंद्राने ‘शैक्षणिक’ कारणासाठी नाग पकडायला मर्यादित परवानगी दिली. शिक्षणासाठी मुहूर्त पंचमीचाच का लागतो, हे कुणी विचारले नाही. गंमत अशी, की तिथल्या आख्यायिकेत गोरखनाथ येण्याआधी ती बाई मातीचाच नाग पूजत होती. परंपराच हवी तर मातीचा नाग पुरतो की!

लोकांची सगळीच समजूत आम्ही टाकाऊ मानत नाही. पंचमीला नांगर धरू नये, जमीन खणू नये, यामागे शेतकऱ्याचे शहाणपण असेलही. पण एक दिवस हात जोडायचे आणि उरलेले वर्षभर दिसेल त्या धामणीला काठीने ठेचायचे, ही श्रद्धा आम्हाला कळत नाही.

आता मरतो कोण ते बघा. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने अंदाजे 12 लाख माणसे मेली. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश फारसा दुखतही नाही. जमिनीवर झोपतो कोण? यंत्रमागाच्या रात्रपाळीवरून येऊन भाड्याच्या खोलीत फरशीवर अंग टाकणारा कामगार. पंचगंगेला पूर आला की साप शिरतो तोही नदीकाठच्या वस्तीतच. अशा वेळी दवाखाना अडवून मंत्र घालणाऱ्या भोंदूवर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा दाखल होतो. दाभोलकरांचा जीव गेल्यावर आलेला हा कायदा आमच्या किती पोरांनी वाचला आहे?

आदिवासींच्या ज्ञानाचा मान कसा ठेवावा, हे तमिळनाडूच्या इरुळांकडे पाहा. सापाच्या कातड्याचा धंदा कायद्याने बंद झाल्यावर 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचे, परत सोडायचा. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तिथून येते. 2023 मध्ये दोघा इरुळांना पद्मश्री मिळाली. वारसा म्हणतात तो याला.

आणि आमच्याकडे? फोन आला की मध्यरात्री दुचाकीला किक मारणारा सर्पमित्र बहुतेक वेळा वस्तीतलाच, पदरचे पेट्रोल जाळणारा. साप निघाला की ‘दादा, लवकर या’; साप गेला की चहासुद्धा नाही. 2025 मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना ओळखपत्र आणि 10 लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा केली. घोषणेने विष उतरत नाही. ते ओळखपत्र आणि तो विमा इचलकरंजीत किती जणांच्या हातात पडला, हे आपण वनविभागाला लेखी विचारू. नाग, घोणस, मण्यार, फुरसे या चारींवर चालणारे प्रतिविष सरकारी दवाखान्यात आज किती कुप्या आहे, तेही माहितीच्या अधिकारात मागू. अर्जाचा मसुदा तयार आहे. या पंचमीला फोटो टाकण्याऐवजी त्यावर सह्या घ्यायला बाहेर पडा.

जय भीम.