तेजी-मंदीच्या सौद्यांचा हिशेब

लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांवर विसंबून ३ जून २०२४ रोजी शेअर बाजाराने मोठी उसळी घेतली. ‘निफ्टी’ निर्देशांक ७३३ अंकांनी वधारून २३,२६३ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीचे कल हाती येताच तो १,३७९ अंकांनी कोसळला. बाजारात नव्याने उतरणाऱ्यांना ‘लाँग’ आणि ‘शॉर्ट’ हे शब्द समजून घ्यायचे असतील, तर या दोन दिवसांइतके बोलके उदाहरण नाही.

भाव वाढेल या अपेक्षेने आधी खरेदी करणे म्हणजे ‘लाँग पोझिशन’, अर्थात तेजीचा सौदा. भाव उतरेल या अंदाजाने आधी विक्री करून नंतर स्वस्तात खरेदी करणे म्हणजे ‘शॉर्ट पोझिशन’, अर्थात मंदीचा सौदा. जवळ नसलेला समभाग विकायचा कसा, हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न. रोखीच्या बाजारात किरकोळ गुंतवणूकदार अशी विक्री करू शकतो. मात्र त्याच दिवशी खरेदी करून सौदा मिटवावा लागतो. तसे न झाल्यास लिलावाला आणि त्यातील भुर्दंडाला तोंड द्यावे लागते. समभाग उसने घेऊन विकण्याची व्यवस्था २००८ पासून आहे. मात्र मंदीचा सौदा दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचा, तर वायद्यांचा मार्ग अधिक रुळलेला आहे. दलाल स्ट्रीटवरची जुनी ‘बदला’ पद्धत २००१ मध्ये बंद झाली. निर्देशांकाचे वायदे त्याच्या आदल्या वर्षीच सुरू झाले होते.

वरवर पाहता हे दोन्ही सौदे एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. पण त्यांतील जोखीम सारखी नाही. शंभर रुपयांना घेतलेला समभाग मातीमोल झाला तरी तोटा शंभर रुपयांचाच. शंभराला विकलेला समभाग मात्र तीनशेवर गेला तर तोटा दोनशेचा, आणि भाववाढीला कमाल मर्यादा नसते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील ‘गेमस्टॉप’ कंपनीच्या समभागाने महिन्याच्या प्रारंभीच्या वीस डॉलरच्या आतील भावावरून चारशे डॉलरच्या पुढे झेप घेतली, तेव्हा तेथील बड्या मंदीवाल्यांनाही प्रचंड तोटा सोसून समभाग परत विकत घ्यावे लागले.

वायद्यात याखेरीज आणखी एक मेख आहे. सौद्याची पूर्ण रक्कम न भरता केवळ काही हिस्सा ‘मार्जिन’ म्हणून भरावा लागतो. मात्र नफा-तोटा पूर्ण रकमेवर होतो आणि तोटा रोजच्या रोज चुकता करावा लागतो. समजा, एखाद्याने ३१ मे २०२४ रोजी निफ्टीच्या एका लॉटचा मंदीचा सौदा केला. त्या वेळी लॉट २५ चा होता. वायदा निर्देशांकाइतकाच हलला असे धरल्यास ३ जूनला त्याला सुमारे १८ हजार रुपये भरावे लागले असते आणि ४ जूनला सुमारे ३४ हजार मिळाले असते. अंदाज अचूक होता. पण पहिल्या दिवशीचे १८ हजार गाठीशी नसतील, तर दलालाने सौदा तेथेच मिटवला असता आणि दुसऱ्या दिवशीची घसरण त्याला केवळ पाहत बसावे लागले असते.

‘सेबी’च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक सौदेकर्त्यांना तोटा झाला, तोट्याची एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. त्यानंतर ‘सेबी’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्देशांकाच्या सौद्याचे किमान मूल्य १५ लाख रुपयांपर्यंत वाढवले. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले.

तेव्हा बाजार वर जाणार की खाली, या प्रश्नाआधी नवख्याने स्वतःला दुसरा प्रश्न विचारावा: अंदाज बरोबर ठरेपर्यंत तग धरण्याइतका पैसा आपल्यापाशी आहे काय? आणि तो घरखर्चातला तर नाही ना?