पँडेमिक अनएम्प्लॉयमेंट असिस्टन्स

पँडेमिक अनएम्प्लॉयमेंट असिस्टन्स ही कोविड-१९ महामारीच्या काळात अमेरिकेच्या संघीय सरकारने सुरू केलेली तात्पुरती बेरोजगारी भत्ता योजना होती. २७ मार्च २०२० रोजीच्या केअर्स कायद्यान्वये ती अस्तित्वात आली.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील नियमित बेरोजगारी विमा मुख्यतः मालकांनी भरलेल्या करावर चालतो आणि भत्ता नोंदणीकृत वेतनावरून ठरतो. स्वयंरोजगार करणारे व ॲपआधारित टॅक्सीचालक यांच्यासाठी हा कर सहसा भरला जात नसल्याने ते विम्याबाहेर राहत.

स्वरूप

भत्ता पूर्वीच्या उत्पन्नावर आधारित होता. जुलै २०२० अखेरपर्यंत त्यात दर आठवड्याला ६०० डॉलरची भर पडत असे. मुदतवाढीनंतर योजना ६ सप्टेंबर २०२१ रोजी संपली. अनेक राज्यांनी त्याआधीच माघार घेतली होती.

मूल्यमापन

अंमलबजावणी राज्यांकडे होती. परंतु या कामगारांच्या उत्पन्नाच्या नोंदी त्यांच्याकडे नव्हत्या. त्यामुळे आरंभी अर्जदाराचे स्वयंप्रमाणन ग्राह्य धरले गेले. त्याचा गैरफायदा बनावट अर्जदारांनीही घेतला. डिसेंबर २०२० मधील कायद्याने रोजगाराचे कागदोपत्री पुरावे बंधनकारक केले.

पगार आणि स्वयंरोजगार अशा दोन्ही मार्गांनी कमावणाऱ्यांची वेगळीच कोंडी झाली. अल्प पगारामुळेही ते नियमित विम्यास पात्र ठरत, म्हणून या योजनेतून वगळले जात. भत्ता मात्र केवळ त्या पगारावरून ठरे. त्यांच्यासाठी पुढे आठवड्याला १०० डॉलरची पुरवणी मंजूर झाली, परंतु ती स्वीकारणे राज्यांसाठी ऐच्छिक होते. योजना संपल्यावर स्वयंरोजगारितांसाठी तशी कायमस्वरूपी संघीय तरतूद झाली नाही.