बटाट्याची कोशिंबीर आणि आजीचा उपास

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि त्याच आठवड्यात आई मागच्या दारी ओल्या फरशीवर घसरली. उजवं मनगट. प्लास्टर सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात, 6 जुलैला, आषाढी एकादशी आली. बायको ट्रेनिंगसाठी पुण्याला. घरात धड चालणारे हात दोनच, आणि ते कीबोर्डवर चालणारे.

एकादशीला आईने काय खायचं हा प्रश्न मी शनिवारी संध्याकाळी काढला. खरं तर इंदूरमध्ये हा प्रश्न पडायलाच नको. राजवाड्याकडे गेलं की पावलापावलावर साबुदाण्याची खिचडी मिळते, वर फरियाली मिक्श्चर, लिंबू, मसाला. पण आईला ती चालत नाही. "त्या मसाल्यात काय काय असतं ते त्यालाच ठाऊक," एवढं बोलून तिने विषय संपवला. घरी खिचडी करायची तर माझा साबुदाणा दोनदा भिजून दोनदा लगदा झालेला आहे, त्याबद्दल मागे एकदा लिहिलं होतं, पुन्हा लिहीत नाही.

"नुसतं दूध-केळं घेईन," आई म्हणाली. हे तिने ज्या आवाजात म्हटलं तो आवाज तुमच्याही घरात असेल.

तेव्हा मोठी (वय 7) म्हणाली, "बाबा, आजी ती दहीवाली आलूची भाजी करते ना, ती आपण करू."

दहीवाली आलूची भाजी म्हणजे उपासाची बटाट्याची कोशिंबीर. उकडलेला बटाटा, दही, दाण्याचं कूट, वरून तुपाची-जिऱ्याची फोडणी. इंग्रजी शाळेतल्या पुस्तकात हिला पोटॅटो सॅलड म्हणतील. लहान मुलांना पहिला पदार्थ शिकवायचा तर याहून सोयीचा मला तरी सुचत नाही. सँडविच शिकवतात, पण त्यात मुलं फक्त एकावर एक रचतात. इथे सोलायचं असतं, चिरायचं असतं, कालवायचं असतं, आणि भाजणं-उकडणं आधी मोठ्यांनी उरकून ठेवलं की मुलांच्या हातात येतं ते सगळं गार आणि मऊ. फोडणी तेवढी शेवटी राहते, ती आपली.

बटाट्याबद्दल थोडं, कारण आपण मालव्यातले आणि आपल्याकडे त्याला मान आहे. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावणी होते आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. म्हणजे जुलैत मिळतो तो शीतगृहातला. थंडीत राहून बटाट्यातल्या पिठाची थोडी साखर होते. असा बटाटा तळला तर लवकर काळपट होतो, पण कोशिंबिरीला चालतो, फक्त वरून साखर घालताना हात आखडता घ्यायचा. आपल्याकडे चिप्ससाठी चिप्सोना जातीचं फार कौतुक. तो पिठूळ असतो, वेफरला उत्तम, पण उकडला की कडा सुटतात. कोशिंबिरीला घट्ट राहणारा बटाटा बघा. भाजीवाल्याला "उकडून फुटणार नाही असा दे" म्हटलं की तो बरोबर देतो. हिरवा डाग पडलेला किंवा मोड आलेला मात्र मुलांच्या पदार्थात नको, तो भाग विषारी असतो.

रात्रीच उकडून ठेवावेत असा माझा विचार होता, कारण पूर्ण गार झालेला बटाटा सुबक कापला जातो, गरम असताना सुरीला चिकटतो. आई म्हणाली, "रात्रीचं उकडलेलं? शिळं? एकादशीला?" तेव्हा सकाळी सात वाजता कुकर लावला. मध्यम आकाराचे पाच, सालासकट, अख्खे, दोन शिट्ट्या. मग पंख्याखाली परातीत पसरून ठेवले, ते दहापर्यंत गार झाले.

माझी तयारी दांडगी होती. आदल्या रात्री मी कागदावर पायऱ्या लिहून काढल्या होत्या, कोणी काय करायचं, कशानंतर काय. ऑफिसात नव्या पोरांना देतो तसा कागद. धाकट्याला (वय साडेचार) वाचता येत नाही हे फ्रीजवर चिकटवल्यावर लक्षात आलं. शेवटी तो कागद सालं टाकायला खाली अंथरला.

सोलायचं काम दोघांचं. उकडलेल्या बटाट्याला मधोमध गोल एक हलकी चीर देऊन ठेवली की साल दोन टोप्यांसारखी निघते. धाकट्याला हे इतकं आवडलं की पाचांपैकी तीन त्याने सोलले आणि टोप्या बोटांवर चढवल्या. "बाबा, मी आलू छिलले," तो म्हणाला.

आता इथे माझी जुनी खोड उफाळून आली. बटाटा म्हण, सोलले म्हण. आमच्या घरात हा रोजचा झगडा आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असणार. शाळा हिंदी-इंग्रजी, खेळ हिंदीत, कार्टून हिंदीत, आणि मराठी म्हणजे बाबांनी मध्येच थांबवून दुरुस्त करायची गोष्ट. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई, जी दारात खुर्ची टाकून बसली होती, म्हणाली, "अरे वा, सोललेस? आता चीर बघू. बारीक नको, फोडी कर. मग आपण कालवू."

तिने दुरुस्त केलं नाही, पुढचं काम सांगितलं. सोलणं, चिरणं, कुटणं, पाखडणं, कालवणं, भुरभुरवणं. हे शब्द मी मुलांना शिकवायला बसलो असतो तर तक्ता केला असता. ते त्या दिवशी हातातून गेले. तासाभराने धाकटा स्वतःच ओरडला, "आजी, हे कालवलं!" आणि त्यातही 'आलू' तसाच राहिला, तर राहू दे. नाहीतरी 'बटाटा' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलेला.

आलाच विषय म्हणून सांगतो, मुलांना त्याची फार मजा वाटली. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वतातला. शेंगदाणा तिकडचा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंदही तिकडचा, आणि हिरवी मिरचीसुद्धा अमेरिकेतूनच आलेली. म्हणजे हे काही कोलंबसाच्या आधी आपल्याकडे नव्हतं. "मग तेव्हा आजी उपासाला काय खायची?" मोठीने विचारलं. आजी म्हणाली, "मी एवढी म्हातारी नाही गं."

चिरण्याबद्दल. मोठीला लहान सुरी दिली, दुसऱ्या हाताची बोटं आत वळवून धरायला शिकवली, मांजर नखं आत घेते तशी. बटाटा आधी मीच अर्धा केला, म्हणजे सपाट बाजू खाली बसते आणि तो घरंगळत नाही. धाकट्याला लोणी लावायची बोथट सुरी. उकडलेल्या बटाट्याला तेवढी पुरते.

फोडी कशा झाल्या? काही सुपारीएवढ्या, काही लिंबाएवढ्या, काही नुसता भुगा. माझा हात तीनदा पुढे गेला. हे मी प्रामाणिकपणे सांगतो, मुलांना शिकवण्यात अवघड होतं ते एवढंच. ऑफिसात दुसऱ्याने लिहिलेलं काम बघताना "द्या, मीच करतो" म्हणणारा माणूस मी. चौथ्यांदा हात पुढे गेला तेव्हा आई म्हणाली, "तू जा, पेपर वाच." मग मी दाणे भाजायला घेतले.

दाणे मंद आचेवर मी भाजले, गार झाल्यावर मुलांनी सालं काढली. दोन्ही तळव्यांत चोळायचे आणि अंगणात जाऊन फुंकर मारायची. अर्धी सालं धाकट्याच्या केसांत. लहान मुलं दाणे सरळ तोंडात टाकतात आणि अख्खा दाणा घशात अडकू शकतो, म्हणून साडेचारवाल्यावर लक्ष ठेवावं लागलं. कूट खलबत्त्यात केलं. मिक्सरमध्ये तीन सेकंद जास्त झाले की तेल सुटून गोळा होतो, आणि शिवाय खलबत्त्याचा आवाज मुलांना हवा असतो. जाडसरच ठेवलं.

आता मापं. पाच बटाट्यांना दीड वाटी घट्ट दही, पाव वाटी कूट, अर्धा चमचा सैंधव, अर्धा चमचा साखर. दही आंबट नको. ते आधी वेगळं घोटून घ्यायचं, त्यात साखर आणि कूट, मग बटाटा. बटाटा गार हवा, गरमात घातलं तर दही फुटतं. सैंधव अगदी शेवटी, वाढायच्या आधी, नाहीतर पाणी सुटतं. कालवायला चमचा दिला होता, पण धाकट्याने हात घातला. आईने काही म्हटलं नाही, म्हणून मीही नाही. हात धुतलेले होते, मी बघितलं होतं.

फोडणी मी केली, मुलं चार पावलं मागे. एक मोठा चमचा तूप, एक चमचा जिरं, एक मिरची मोठे तुकडे करून, म्हणजे मुलांना काढून टाकता येते. कोथिंबीर आमच्याकडे उपासाला चालत नाही, शेजारी चालते. तुमच्या घरचं तुम्ही बघा.

आईची वाटी मी आधी काढून टेबलावर ठेवली आणि तिला खुर्चीवरून उठवायला गेलो. परत आलो तर धाकटा वाटीसमोर उभा. "मी सजावट केली," तो म्हणाला.

सजावट म्हणजे जीरावन. ज्यांना ठाऊक नाही अशा इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी: आम्ही पोह्यांवर घालतो तो मसाला. धने, हळद, हिंग, बडीशेप, काळं मीठ, सगळं असतं त्यात. बाटली आमच्या टेबलावरून कधी हलतच नाही. त्याने पांढऱ्या दह्यावर पिवळ्या रंगाचा एक मोठा गोल काढला होता आणि आत दोन डोळे.

"अरे! आजीचा उपास आहे ना!" मोठी किंचाळली. धाकट्याच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम उतरलं. त्याने तासभर आजीसाठी म्हणून काम केलं होतं.

माझ्या मनात काय आलं ते लिहितो. वरचा थर चमच्याने काढून टाकू, खालून हलवू, आईला कळणारही नाही. पोराचं मन राहील, आईचं पोट भरेल. चमचा हातात घेतलाही होता. मोठी माझ्याकडे बघत होती.

मी वाटी तशीच आईपुढे नेली आणि सांगितलं.

आईने वाटी डाव्या हाताने जवळ ओढून नीट बघितली. "हे डोळे कोणी काढले?"

"मी," धाकटा माझ्या पायामागून.

"छान काढलेत. पण आज मला हे चालत नाही रे. जीरावनाने उपास मोडतो." तिने गोडगोड काही केलं नाही, 'चालेल हो' नाही, काही नाही. "ही माझी वाटी फ्रीजमध्ये ठेव. उद्या द्वादशी, उद्या खाईन. आणि आता त्या पातेल्यातली दे मला थोडी, बिनडोळ्यांची."

पातेल्यातली तिने डाव्या हाताने, सांडत, दोनदा मागून खाल्ली. मोठीने चिठ्ठी लिहिली, 'आजिची वाटि', दोन्ही ऱ्हस्व, आणि झाकणावर चिकटवली. संध्याकाळी आम्ही पंढरीनाथला विठ्ठलाच्या दर्शनाला गेलो तर गर्दीत धाकट्याचा एकच प्रश्न, फ्रीज कोणी उघडला तर?

सोमवारी सकाळी सातला मी उठलो तेव्हा तो फ्रीजसमोर उभा होता. दह्याला पाणी सुटलेलं, जीरावन विरघळून डोळे ओघळलेले, बटाटा कडक. मी आईला म्हटलं, "गरम पोहे करतो, थांब." ती म्हणाली, "आधी माझी वाटी."

डाव्या हातात चमचा धरला तर वाटी धरायला हात उरत नाही, म्हणून धाकट्याने वाटी दोन्ही हातांनी धरली. तिने सगळी संपवली.

"आवडली?" त्याने विचारलं.

"मीठ कमी आहे," आजी म्हणाली, आणि तो जीरावनाची बाटली आणायला पळाला.