मूठमाती दिली, नोंद राहिली

शिरूर ही एके काळी इंग्रजांची लष्करी छावणी. तेथे १८०९ साली निवर्तलेल्या कर्नल वॉलेस यांना स्थानिक लोक 'सत्पुरुष' म्हणून मान देत आले. दोन शतके उलटली, तरी या परक्या माणसाच्या मृत्यूचे वर्ष आपणांस ठाऊक आहे; कारण ते कोणीतरी लिहून ठेवले. आणि मिस्सेला आपल्या शेजारी गुडघे टेकणाऱ्या विधवा भगिनीला मात्र पतीच्या मृत्यूचा दाखला चार-चार वर्षे मिळत नाही! कारण त्या घरच्या कोणी नोंद केली नाही, आणि आम्हीही ती विचारली नाही.

"फादर, चर्चच्या वहीत नाव आहे ना?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. होय, आहे. धर्मग्रामात मृतांची नोंदवही असावी, असा ख्रिस्तसभेचा कायदाच आहे. परंतु त्या वहीतील उतारा म्हणजे सरकारी मृत्युदाखला नव्हे. रेल्वेचे कुटुंब निवृत्तिवेतन, रांजणगावच्या कारखान्यातील भविष्य निर्वाह निधी, सातबाऱ्यावरील वारसनोंद, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, या प्रत्येक दारावर सरकारी दाखलाच मागतात.

कायदा अवघड आहे, ही सबब खरी नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार मृत्यूची माहिती एकवीस दिवसांत द्यावयाची असते. घरी मृत्यू झाल्यास ते कर्तव्य कुटुंबप्रमुखाचे, तो नसल्यास जवळच्या नातेवाइकाचे. रुग्णालयात झाल्यास तेथील प्रमुख डॉक्टरांचे. गावात ग्रामपंचायत, शिरूर व दौंड शहरांत नगरपरिषद. माहिती देणाऱ्यास नोंदीचा पहिला दाखला विनामूल्य मिळतो. मग दलालाच्या हाती नोटा कशासाठी?

घोटाळा होतो तो स्थळाविषयी. नोंद मृत्यू घडला तेथे होते. राहत्या गावी नव्हे, दफन झाले तेथेही नव्हे. दौंडचा रुग्ण पुण्याच्या रुग्णालयात दगावला, तर नोंद पुण्यात. धावत्या गाडीत मृत्यू आला, तर गाडी प्रथम थांबेल त्या ठिकाणी. हे ठाऊक नसल्याने माणसे महिनोन्‌महिने भलत्याच कचेरीचे उंबरठे झिजवतात.

उशीर झाला की वाट अरुंद होते. तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून भागते. त्यानंतर वर्षभर लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले, तर २०२३ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश हवा. एकवीस दिवसांत एका फेरीचे काम; तेच पुढे मजुरी बुडवून कराव्या लागणाऱ्या अनेक फेऱ्यांचे होते.

कोणी म्हणतील, शोकाच्या घरी कागदाची भाषा शोभत नाही. मला हे पटत नाही. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचा हिशेब त्याच घरात होतो, कबरीवरील संगमरवराचा भावही ठरतो. शोक आडवा येतो तो फक्त अर्ज भरताना काय? नावनोंदणीसाठी संत योसेफ गरोदर मरियेला घेऊन नाझरेथहून बेथलेहेमला गेले. आपल्याला दौंडच्या नगरपरिषदेपर्यंत जाणे जड व्हावे?

दोष केवळ तुमचा नाही. आम्हा धर्मगुरूंचाही आहे. दफनविधीची वेळ, गायकवृंद, फुले, सारे आम्ही विचारतो. नोंदीचे विचारत नाही. पुढे विधवा रडत आली की शिक्का मारलेले एक पत्र तिच्या हाती देतो आणि ते चालणार नाही हे ठाऊक असूनही मोकळे होतो. मीही अशी पत्रे दिली आहेत. ती दया नव्हती; सुटका होती, आणि तीही माझी.

मृतांस मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपण बालपणापासून शिकलो. माझे म्हणणे इतकेच की, नोंद होईपर्यंत ते कृत्य अपुरे आहे. मृताला आपल्या प्रार्थना हव्यात. त्याच्या मागे राहिलेल्यांना तो दाखला हवा. प्रत्येक धर्मग्रामात एका जाणत्या व्यक्तीने दफनानंतरच्या आठवड्यातच त्या घरी जावे आणि एकच प्रश्न विचारावा: "नोंद झाली का?" उत्तर "नाही" असेल, तर दुसऱ्या सकाळी त्या कुटुंबासोबत कचेरीत जावे.