ताप उतरला, मग आता काय?

मंडळी, 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुन्याची साथ आली होती, आठवतं ना? त्यात आम्हीही सापडलो. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायचा आणि सदऱ्याची बटणं सौ.नी लावायची, अशी अवस्था. 1952 साली टांझानियाच्या भागात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. तिथल्या माकोंडे भाषेतल्या 'वाकून जाणे' अशा अर्थाच्या शब्दावरून त्याला हे नाव पडलं. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण इतकं चपखल नाव क्वचितच पाहिलं!

निवृत्तीनंतर मला पळण्याचा नाद लागला. तळजाईवर रोज तीन किलोमीटर. वेग विचारू नका. ताप उतरून दहा दिवस झाले आणि राहवेना. सौ. झोपेत असताना बूट चढवून निघालो. दोनशे पावलंही झाली नसतील, छाती धडधडायला लागली, घोटे भरून आले. मुकाट्याने एका दगडावर बसलो.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. सुदैवाने काही निघालं नाही. पण ते म्हणाले, "सर, ताप गेला म्हणजे आजार गेला असं नसतं. विषाणूमुळे कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. अशा वेळी पळणं जिवावर बेतू शकतं."

त्या रात्री मला नववीतला एक मुलगा आठवला. कावीळ होऊन महिन्याभराने शाळेत आला होता. पी.टी.चे सर रजेवर, म्हणून तास माझ्याकडे. "सर, दम लागतो," तो म्हणाला. "कावीळ गेली ना? मग नाटकं पुरे," असं म्हणून मी त्याला पळायला लावलं. दुसऱ्या फेरीत तो मटकन खाली बसला. वर्ग हसला. मीही हसलो. आज हे लिहिताना लाज वाटते.

आपल्याकडे आजाऱ्याला दोनच जागा. अंथरूण, नाहीतर थेट मैदान. नातेवाईक म्हणतात, "या वयात पळायचं कशाला?" टेकडीवरचे मित्र म्हणतात, "मनाचा हिय्या करा." मला दोन्ही पटत नाही. महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलाचे बुडलेले धडे आपण आधी भरून काढतो. मग शरीरालाच एकदम वार्षिक परीक्षेला का बसवायचं?

मी एक जुनी वही काढली. सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहायची. एरवी 62 असायची, तेव्हा 78 भरत होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती खाली येईपर्यंत फक्त चाललो. मग एक मिनिट पळणं, तीन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी थकवा वाटला तर एक पायरी मागे. पुन्हा तीन किलोमीटर पळायला पाच महिने लागले. मध्ये दोनदा मागे यावं लागलं, पण त्याचं मी वाईट वाटून घेतलं नाही.

घरात कुणी आजारातून उठलं असेल, तर "आता बरं आहे ना?" असं विचारून उत्तराआधीच कामाला जुंपू नका. तो मुलगा आज पन्नाशीला आला असेल. कधी भेटला तर त्याची माफी मागायची आहे.